एका स्पेसरपायी पहिली मॅच गेली! यादीबाहेरचा भाग म्हणजे थेट बाद?

झिपटाय
नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीच्या मुलांची रोबोटिक्सची टीम सांभाळते. स्पर्धेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण स्पर्धेशी नाही, प्रश्न नियमाचा आहे.

आमच्याकडे भागांची ठरलेली यादी असते. यादीत आहे ते चालतं, नाही ते चालत नाही. थ्रीडी प्रिंट केलेली वस्तू फक्त शोभेसाठी, म्हणजे नंबरप्लेट वगैरे. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी रोबोच्या हाताचा शाफ्ट बदलताना नायलॉनचा एक स्पेसर (दोन भागांत अंतर राखणारी छोटी नळी) हरवला. टेबलाखाली, कपाटामागे, दप्तरांत, सगळीकडे शोधून झालं. शेवटी एका मुलाने त्याच मापाचा प्रिंट करून आणला. पांढरा, नखाएवढा. गिअर चौकटीला घासू नये एवढंच त्याचं काम. मी म्हटलं, बसव. चूक माझीच आहे, ती कबूल करूनच पुढचं लिहितेय.

इन्स्पेक्शनला तो काढायला लावला. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको: आधी कॉलरचा (शाफ्टवर भाग जागेवर धरणाऱ्या कडीचा) बारीक स्क्रू सैल करायचा, मग शाफ्ट ओढायचा, आणि ओढला की मधले गिअर, वॉशर, स्पेसर तुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखे फरशीवर. चाळीस मिनिटं गेली. पहिली मॅच आम्ही मैदानात न उतरताच हरलो. शेजारच्या पिटात, म्हणजे टीमच्या कामाच्या जागेत, एक टीम नव्याकोऱ्या मोटरींचा डबा उघडून बसली होती, जरा गरम झाली की बदल. ते सगळं नियमात!

तर "यादीत नाही ते बंद" हे बरोबर, की "मनाई नाही ते चालू" हे बरोबर? मुलं कशात जास्त शिकतात?

सुटा_नट
हरवलेला स्पेसर सीझन संपल्यावर सापडतो. बुटात.

तपासनीस
मी बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून इन्स्पेक्शनला उभा राहतो (तुमच्या स्पर्धेत नव्हे, असं धरून चाला). पलीकडची बाजू सांगतो.

सकाळी दोन-अडीच तासांत चाळीसेक रोबो तपासायचे असतात. एका टेबलाला एका रोबोमागे दहा मिनिटं मिळाली तर नशीब. तेवढ्यात माप, मोटरी, बॅटरी, वायरी, धारदार कडा आणि प्रोग्रामची आवृत्ती बघायची. समोर यादी असली की प्रश्न सोपा होतो: हा भाग यादीत आहे का? यादी नसली की प्रश्न असा होतो: ह्या भागाचा फायदा किती? त्याचं उत्तर माझ्या टेबलावर एक आणि शेजारच्या टेबलावर दुसरं निघणार. मग कोच मंडळी "त्या टेबलावर चाललं, इथे का नाही?" म्हणत अंगावर येणार.

तुमच्या स्पेसरने कोणाचं काही बिघडलं नसतं, हे मलाही दिसतंय. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज स्पेसर सोडला तर दुपारी कोणीतरी प्रिंट केलेला गिअर घेऊन येईल आणि तुमच्या स्पेसरकडे बोट दाखवेल.

एक कुतूहल. तो प्रिंट आहे हे कळलं कसं? शाफ्टवर बसलेला पांढरा नायलॉन आणि पांढरा पीएलए (थ्रीडी प्रिंटरचं प्लॅस्टिक) मला तरी लांबून ओळखता येत नाही. नख फिरवलं तर थर लागतात, पण त्यासाठी बोट आत जायला हवं.

ऑम्नीव्हील
तपासनीस, तुमची सोय समजली. पण मुलांचं काय? भाग हरवला, माप घेतलं, चित्र काढलं, प्रिंट केला, बसवला, चालला. यालाच तर इंजिनिअरिंग म्हणतात! आणि त्याबद्दल शिक्षा. कॅटलॉगमधून मागवलेला भाग चालतो आणि हाताने केलेला चालत नाही, यातून मुलं फक्त खरेदी शिकणार.

गिअरची_आई
आमचा अनुभव अगदी दुसऱ्या टोकाचा. मुलगी फर्स्ट लेगो लीगमध्ये होती. तिथे सगळे भाग लेगोचेच, तेही कारखान्यातून आले तसेच. कापायचे नाहीत, चिकटवायचे नाहीत, रंगवायचे नाहीत. सवलत फक्त लेगोच्या दोरीला आणि नळीला, त्या हव्या तेवढ्या लांबीच्या कापता येतात. एका मॅचला एक कंट्रोलर आणि जास्तीत जास्त चार मोटरी. आमच्या कन्येने कंट्रोलरवर मांजरांचे स्टिकर लावले होते, ते आदल्या रात्री केसांच्या ड्रायरने सोडवत बसलो होतो.

ऑम्नीव्हील म्हणतात तसं मलाही सुरुवातीला वाटायचं, की हात बांधून पोहायला लावतात. पण चारच मोटरी म्हटल्यावर दोन चाकांना गेल्या, उरल्या दोन, आणि कामं करायची दहा. मग एकाच मोटरीवर गिअर बदलून दोन वेगळी हत्यारं चालवायची युक्ती त्या पोरींनी तीन आठवडे खपून काढली. पाचवी मोटर चालली असती तर सरळ पाचवी लावून मोकळ्या झाल्या असत्या.

ओपनलूप
+१. मी शाळेत व्हेक्स व्ही५ ही रोबो स्पर्धा खेळलो, आता कॉलेजात तिचाच मोठा गट, व्हेक्स यू खेळतो. शाळेच्या गटात प्रिंट केलेले भाग कामाला लावता येत नाहीत, कॉलेजच्या गटात स्वतः बनवलेले भाग चालतात. दोन्ही बाजू अंगावर घेतल्यात म्हणून बोलतो.

पहिल्या वर्षी आम्ही जे दिसेल ते प्रिंट करत सुटलो. गिअरचे दात थरांच्या रेषेत सोलल्यासारखे निघाले. एक ब्रॅकेट बंद गाडीत ठेवला होता, बाहेर काढला तर मान टाकलेला. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो हे पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी हातात आलं. शाळेत असताना यादीतले धातूचे भाग वापरायचो, तेव्हा निदान तुटण्याचं कारण आमच्या रचनेत असायचं. इथे प्रिंट चुकला, की माप चुकलं, की रचनाच चुकली, हे शोधण्यातच अर्धा सीझन गेला.

झिपटाय ताई, तुमच्या मुलांचा स्पेसर कोणत्या दिशेने प्रिंट केला होता? उभा असेल तर लवकर चिरतो.

झिपटाय
@ओपनलूप, आडवा. त्याने विचार करून केला होता. म्हणूनच तर जास्त लागलं.

जुना_रिले
थोडं मागे जाऊया. ही यादीची भानगड आली कुठून? एमआयटीत २.७० नावाचा डिझाइनचा कोर्स होता (आता २.००७). तिथे वुडी फ्लॉवर्स विद्यार्थ्यांना किरकोळ वस्तूंची एक पेटी द्यायचे. सगळ्यांना तीच पेटी, त्यातूनच यंत्र करायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर लढवायचं. पुढे डीन केमन यांनी १९८९ साली फर्स्ट ही संस्था काढली, फ्लॉवर्स त्यांच्या सोबत होते. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ टीमची पहिली स्पर्धा झाली. तिथेही भागांची पेटीच.

म्हणजे "हेच भाग वापरा" ही कल्पना पोलिसी खाक्यातून आलेली नाही. सगळ्यांपुढे सारखंच सामान ठेवलं की फरक फक्त डोक्याचा उरतो, असा हिशोब होता. यादी हे त्या पेटीचंच वाढलेलं रूप. घोळ तिथेच झाला. पेटीत वस्तू मोजक्या असतात, यादीतून वस्तू कितीही विकत घेता येतात.

सुटा_नट
सारखं सामान... रिले काका, रागावू नका, पण आम्हाला मिळालेल्या पेटीत दोन डावी चाकं होती.

जुना_रिले
मग गोल गोल फिरणारा रोबो करायचा!

ऑम्नीव्हील
जुना_रिले यांचं "यादीतून वस्तू कितीही विकत घेता येतात" हे वाक्य चौकटीत लावण्यासारखं आहे. समतेच्या नावाखाली केलेला नियम बहुतेक वेळा गरीब टीमलाच जास्त लागतो.

उदाहरण देतो. फर्स्टच्या मोठ्या गटात, म्हणजे एफआरसीत, पूर्वी ठरलेल्या दिवशी रोबो पिशवीत घालून नंबराच्या टॅगने बंद करावा लागे. हेतू चांगला, सगळ्यांना बांधायला सारखेच आठवडे. पण ज्यांच्याकडे सामान होतं त्यांनी काय केलं? हुबेहूब दुसरा रोबो बांधला. पहिला पिशवीत, दुसऱ्यावर सराव चालू. ज्यांच्याकडे एकाच रोबोपुरते भाग, ते हात चोळत बसले. शेवटी २०२० च्या सीझनपासून पिशवी गेली.

तपासनीस
हे बरोबर आहे, नाकारत नाही. किमतीच्या नियमाचंही तेच. एफआरसीत एकेका वस्तूच्या किमतीला मर्यादा आहे, आणि फुकट मिळालेली वस्तूही बाजारभावाने धरायची. पण प्रायोजकाच्या कारखान्यात टीमसाठी भाग कापून दिला तर कारागिराची मजुरी धरत नाहीत, माल तेवढा धरायचा. ज्याच्या प्रायोजकाकडे सीएनसी (संगणकावर चालणारं कापायचं) मशीन, त्याची चंगळ.

तरी सांगतो, मुळीच नियम नसतील तर ही दरी कमी होत नाही, वाढते.

अर्धा_मिलिमीटर
मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात. यादी की मोकळीक, हा प्रश्नच चुकीचा मांडलाय. वस्तूंची यादी करण्याऐवजी जी गोष्ट खरंच वाटून द्यायची आहे तिचीच मर्यादा घाला.

व्हेक्स व्ही५ मध्ये आधी मोटरी मोजायचे, आठ म्हणजे आठ. मग अर्ध्या ताकदीची छोटी मोटर आली आणि २०२३-२४ च्या सीझनला नियम बदलला: सगळ्या मोटरींची मिळून ताकद ८८ वॉटच्या आत. मोठी ११ वॉटची, छोटी ५.५ ची. आठ मोठ्या लावा, नाहीतर सहा मोठ्या आणि चार छोट्या लावा. एका ओळीच्या बदलाने मुलं कागदावर गणितं मांडायला लागली, की चाकांना सहा कशाला, चारात भागवू आणि उरलेली ताकद हाताला देऊ.

आशियाई एबीयू रोबोकॉन २००२ पासून चालू आहे. तिथे वजन, आकार, व्होल्टेज, हवेचा दाब यांना मर्यादा. त्या चौकटीत काय बनवायचं ते तुम्ही ठरवा. विद्यार्थी सर्किटपासून सगळं स्वतः करतात.

गिअरची_आई
पण ती कॉलेजची मुलं. बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या हाती "व्होल्टेजच्या आत काहीही" म्हणून लिथियम बॅटरी द्यायची? नको गं बाई.

अर्धा_मिलिमीटर
मान्य, बॅटरी अपवाद. बॅटरीची यादी हवीच, मोजकी हवी. एफआरसीत अजूनही १२ व्होल्टची सीलबंद लेड-अॅसिडच लागते ती उगाच नाही. जड आहे, पण ठोकर बसली तर धडाधड पेटत नाही. व्ही५ ची बॅटरीही लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे, त्यातल्या त्यात शांत स्वभावाची.

प्लॅस्टिकच्या नियमामागेही हेच आहे. व्ही५ मध्ये पत्रा कापून लावता येतो, पण जाडी ०.०७० इंचाच्या आत आणि न फुटणाराच. पॉलिकार्बोनेट वाकतो, अॅक्रिलिक फुटून त्याच्या धारदार चिपा उडतात. "असला कसला नियम" म्हणणाऱ्याने एकदा दोन्हींवर हातोडी मारून बघावी. चष्मा घालून.

बिनतारी
वजनावरून आठवलं. अवांतर आहे, पण राहवत नाही.

आम्ही रोबोकप ज्युनिअरचा फुटबॉल खेळायचो, हलक्या रोबोंचा गट. तेव्हा मर्यादा ११०० ग्रॅम होती. भाग बरेचसे मोकळे, पण काटा निर्दय. आमचा रोबो काट्यावर ११०७. सात ग्रॅमसाठी चौघे जण कात्री घेऊन बसलो. झिप टायच्या शेपट्या कापल्या, दोन ग्रॅम. लांब स्क्रू काढून आखूड लावले, तीन ग्रॅम. मग एकाने वरच्या प्लेटवर टीमच्या नावाची पट्टी होती ती सोलली. काट्यावर बरोबर १०९९. नाव गेलं, रोबो राहिला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बॅटरीची वायर गरजेपेक्षा चार बोटं लांब ठेवली होती. मोकळीक असती तर कधीच बघितलं नसतं.

सुटा_नट
केस कापले असते तर?

बिनतारी
रोबोला केस नव्हते, आणि आमचे मोजत नव्हते :)

ओपनलूप
अवांतर चालूच आहे तर मायक्रोमाऊसचंही सांगतो. भूलभुलैयातून पळणारा उंदीर. लांबी-रुंदीची मर्यादा आहे, भागांची यादी नाही. लोकांनी काय करावं? खालून हवा ओढणारा पंखा बसवला. उंदीर जमिनीला चिकटतो आणि वळणावर घसरत नाही. नियम करणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल! यादी असती तर पंखा कधी आलाच नसता. हा एक गुण मोकळ्या नियमांच्या बाजूने लिहा.

ऑम्नीव्हील
लिहिला. ठळक अक्षरात.

तपासनीस
लिहा की. पण तिथे प्रत्येक उंदीर एकटा पळतो. समोरासमोर धडकणारे रोबो असले, शेजारी पोरं उभी असली, की "स्वप्नातही नसेल" हे शब्द ऐकून इन्स्पेक्टरला घाम फुटतो. रबरबँडचंच घ्या. काही स्पर्धांत कोणत्या मापाचे रबरबँड चालतील तेही लिहिलेलं असतं, लोक हसतात. ताणलेल्या जाड रबरी नळीने सुटलेला हात मी कोपरावर घेतलाय. तेव्हापासून हसत नाही.

आणि एक सगळ्यांसाठी. शंका असली तर स्पर्धेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत विचारा, सीझनच्या सुरुवातीला विचारा. तिथलं उत्तर छापून इन्स्पेक्शनला आणलंत तर आम्हीही सुटतो. इथलं काही छापून आणू नका. "धाग्यावर सुटा_नट म्हणाले" हे ग्राह्य नाही.

सुटा_नट
निषेध.

फक्त_वाचक
पहिल्यांदाच लिहितोय. तपासनीस यांनी वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच की. प्रिंट आहे हे कळलं कसं?

झिपटाय
टाळत होते खरं तर. सांगते.

इन्स्पेक्टरला दिसलं नव्हतं. त्यांनी सगळं बघितलं, माप घेतलं, मोटरी मोजल्या. शेवटी कागदावर सही करायची वेळ आली. त्यात एक ओळ असते, सगळे भाग नियमाप्रमाणे आहेत अशी. सही टीममधल्या मुलाने करायची. पेन त्याच्याच हातात होतं, ज्याने स्पेसर प्रिंट केला होता. तो दोन क्षण थांबला आणि म्हणाला, "सर, एक नाहीये." आणि बोट घालून दाखवला.

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. बघितलं असतं तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. त्यामुळे धाग्याचा प्रश्न थोडा लबाडीने विचारला होता, माफ करा.

तपासनीस
हं.

मी त्या टेबलावर असतो तरी काढायलाच लावला असता. पण त्याच्याबरोबर गुडघे टेकून गिअर गोळा केले असते, आणि वेळापत्रकवाल्यांकडे जाऊन पहिली मॅच मागे ढकलता येते का ते बघितलं असतं. दर वेळी जमतंच असं नाही. तुमच्या इथे कोणी विचारलं का?

झिपटाय
विचारलं. त्यांनी प्रयत्न केला, वेळापत्रक आधीच लागलं होतं. गिअर मात्र त्यांनीही वेचले.

ऑम्नीव्हील
आता माझाच मुद्दा मला अवघड झाला. तरी सोडत नाही. जो खरं बोलला त्याची मॅच गेली, आणि जे गप्प बसले असतील त्यांची वाचली. असं असेल तर पुढच्या वर्षी दुसरा मुलगा सही करताना काय शिकून आलेला असेल? दंडाची पायरी हवी. सुरक्षिततेला धक्का नाही, फायदा नाही, स्वतःहून सांगितलं, अशा वेळी "ही मॅच खेळा, पुढच्या मॅचच्या आत बदला" एवढं म्हणायला काय हरकत आहे?

अर्धा_मिलिमीटर
हे पटलं. यादी कडक असू दे, पण यादी मोडल्यावर काय करायचं त्याला एकच उत्तर नको. फक्त "फायदा नाही" हे ठरवणार कोण, तिथे आपण पुन्हा तपासनीसांच्या पहिल्या प्रतिसादापाशी येतो.

तपासनीस
"स्वतःहून सांगितलं" हे ठरवायला मात्र काही लागत नाही. तेवढी एक ओळ नियमात घालता येईल. आमच्या इन्स्पेक्टरांच्या बैठकीत मांडतो, ऐकतील न ऐकतील.

गिअरची_आई
झिपटाय, त्या मुलाला टीममधल्या बाकीच्यांनी काही बोललं का? मला तेच सारखं डोक्यात येतंय.

झिपटाय
एकजण फुगून बसली होती दुपारपर्यंत. मग तिसरी मॅच जिंकलो आणि विसरली. तो मुलगा स्वतः दिवसभर शाफ्टजवळच घुटमळत होता. स्पेसरच्या जागी वॉशरची चळत घातलीय, वॉशर यादीत आहेत. थोडं डुगडुगतं.

ओपनलूप
किती घातलेत? जाडी मोजून बघा, वॉशर सगळे सारखे नसतात. आणि बाहेरच्या बाजूने कॉलर घट्ट दाबून लावली तर डुगडुग कमी होईल. फार दाबू नका, गिअर जड फिरेल.

झिपटाय
चार. उद्या व्हर्निअर लावून बघायला सांगते त्याला.

सुटा_नट
बूटही बघायला सांगा.